कमरजहाँ रजईवालीची चौसष्ट पत्रं

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, जेवता जेवता, इनायत पिंजाऱ्यानं सांगून टाकलं की मशीन विकायचं. तोंडातला घास गिळायच्या आधीच सांगितलं, म्हणजे बायकोला मध्ये बोलायला फट मिळू नये. चामोर्शीच्या आठवडी बाजारात गाद्या भरून देणारा पत्रू नावाचा माणूस होता, त्याच्याशी बोलणं झालं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन वरोऱ्याला येणार आणि कापूस पिंजायचं मशीन उचलून नेणार. इनायत एका जिनिंगवर चौकीदार म्हणून लागणार. सारं ठरवून झालं होतं. साल होतं २००३.

कमरजहाँनं त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.

"दसऱ्याले अजून दोन महिने हायत," ती म्हणाली.

"मग?"

"मग काई नाई. जेवा तुम्ही."

घरात त्यांची बोली हिंदी-उर्दूची खिचडी, पण बाजारात दोघंही वरोऱ्याची मराठी बोलत, म्हणून इथे त्यांचं बोलणं त्याच मराठीत सांगतो. आणि हेही आधीच सांगतो, की कमरजहाँ 'काई नाई' म्हणाली की समजायचं, बाई कामाला लागली.

वय पंचेचाळीस. शिक्षण सातवी, मराठी शाळेतलं. लेक शाजिया लग्न होऊन बल्लारपूरला. इनायत कापूस पिंजायचा, ती खोळीत भरून वरून दोरे घालायची. सव्वीस वर्षं हेच काम. दोघांचं दुकान स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर, आणि दुकान म्हणजे तरी काय, पुढे मशीन, मागे चटई. त्या चटईवर बसून बाईनं अर्ध्या गावाला ऊब दिली. पण गावाला त्याची जाण केव्हा, तर थंडी वाजली की तेवढ्यापुरती.

तिच्या दुकानाचा एक कायदा होता. वरोऱ्याकडच्या बायका रजई भरायला आपला कापूस घेऊन येतात. कोणाचा माहेरच्या शेतातला, कोणाचा सासूनं गाठोड्यात बांधून ठेवलेला. या घरचा कापूस त्या घरच्या रजईत जायचा नाही. मूठभर उरला तरी फडक्यात बांधून परत द्यायचा. बाकीचे पिंजारी सगळा माल एकत्र पिंजून मोकळे होत, कमरजहाँ नाही. आणि घोटाळा होऊ नये म्हणून ती वही ठेवायची: बाई कोणाची, कापूस कोणत्या गावचा, किती किलो, खोळ कसली, दोरा कोणत्या रंगाचा, रजई कशासाठी. अशा तीन वह्या भरल्या होत्या. इनायतला वाचता येत नसे, त्यामुळे त्याला त्या वह्यांचं भलतंच कौतुक होतं आणि तो ते कधी बोलून दाखवत नसे.

मग धंदा बसला काऊन? तर गावात फोमच्या गाद्या आल्या आणि छापील कंबलांचे ढीग आले, हे झालंच. पण खरं दुखणं वेगळं होतं. ज्यांना रजई कळायची ती माणसं गावातून गेली. कोळसा खाणीतले बाबू आणि ओव्हरसियर बदलीवर गेले, शिकलेली पोरं पुण्या-हैदराबादेला गेली. रजया त्यांच्यासोबत गेल्या. रजईतला कापूस दर तीन वर्षांनी उकलून पिंजावा लागतो, नाहीतर त्याचे गोळे होतात. तिकडे कुठला आलाय पिंजारी? मग रजई माळ्यावर, आणि अंगावर कंबल.

"माया बाप कापूस पिंजाची धनुकली वाजवत गल्लीतून फिरे," इनायत म्हणायचा. "आवाज आला की बायका जुन्या गाद्या घेऊन दारात. आता गिऱ्हाईकच परमुलखात. कोनाले आवाज देऊ?"

हे त्यानं हात टेकून म्हटलं होतं. पण कमरजहाँनं ते प्रश्न म्हणून घेतलं आणि उत्तर शोधत राहिली.

उत्तर मिळालं बस स्टँडजवळ, दिव्यानीच्या दुकानात. दिव्यानी सोयाबीनवाल्या शेतकऱ्याची सून, बी. कॉम. झालेली, वय तिशीचं. घरच्यांशी भांडून तिनं दोन खोल्यांत तीन कॉम्प्युटर मांडले होते आणि बाहेर 'सायबर कॅफे, झेरॉक्स, लॅमिनेशन' असा बोर्ड लावला होता. कमरजहाँ रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला गेली होती.

"चाची, तुम्हाले एक निरोप हाय," दिव्यानी म्हणाली. "धोट्याचा इंजिनिअर पोरगा हाय ना हैदराबादले, त्यानं भावाले ईमेल केला. लिहते, कमरचाचीले सांग, पाऊस असा पडून राह्यला की तुमची रजई आतापासूनच काढली."

"कधी लिहलं त्यानं?"

"सकाळी."

"कोनत्या दिवशी सकाळी?"

"आजच की."

कमरजहाँ स्टुलावर बसली. झेरॉक्स विसरली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माया वहीतल्या बायका जिथी जिथी गेल्या, तिथी तिथी हे जाईन काय?"

आता दिव्यानीचंही सांगायला हवं. ती नागपूरला जाऊन दोन दिवसांचा वर्ग करून आली होती: 'छोट्या धंद्यासाठी ईमेल मार्केटिंग'. प्रमाणपत्र प्रिंटरच्या वर भिंतीला लावलेलं, आणि एक पुस्तिका. वरोऱ्याच्या एकाही दुकानदारानं तिला दारात उभं केलं नव्हतं. मिठाईवाला म्हणाला होता, "माया जिलबीचा वास जाते काय त्यातून?" त्यामुळे कमरजहाँ तीन वह्या काखेत मारून दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दिसली, तेव्हा दिव्यानीला भरून आलं.

पण वहीत पत्ते होते जुने, क्वार्टरचे. ईमेलचे कुठून आणायचे? कमरजहाँच्या पायाला भिंगरी लागली. गेलेल्या माणसाचं वरोऱ्यात कोणी ना कोणी राहिलेलं असतंच, भाऊ, मावशी, निदान घरमालक. ती त्या घरी जायची, चहा घ्यायची आणि दोन गोष्टी विचारायची. ईमेल काय? आणि, मी लिहिलं तर चालेल काय त्याला, विचारून सांगा.

"चाची, विचारा नाई लागत," दिव्यानी म्हणाली. "साऱ्या जगातल्या कंपन्या न विचारता पाठवतात."

"त्या कंपन्या हायत. कोनाच्या घरात शिराचं तर मले कडी वाजवा लागते."

काही जणांनी पुढचं-मागचं न पाहता, "लिहा हो, त्यात काय विचारायचं," म्हणून पत्ता देऊन टाकला. पोळा तोंडावर आला तोवर चौसष्ट पत्ते झाले. आणि तारीखही बाईनं बरोबर साधली. दिवाळीच्या गाडीचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी निघतं. माणूस तिकीट काढतानाच काय न्यायचं, काय आणायचं याचा विचार करतो, तिकीट झाल्यावर कोणी रजईसाठी जागा करत नाही. तेव्हा पत्र जायचं ते पोळ्याच्या आधीच. हे त्या पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पहिलं पत्र मात्र पुस्तिकेप्रमाणे गेलं. वर लाल अक्षरांत 'दिवाळी धमाका', खाली सूट, त्याखाली दुकानाचं नाव. इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही उमटत नव्हतं. दिव्यानीनं एक बटन दाबलं आणि पत्र चौसष्ट ठिकाणी गेलं. कमरजहाँ पाहतच राहिली. सव्वीस वर्षांत एका वेळी चौसष्ट टाके तिला कधी घालता आले नव्हते.

आठ दिवसांत उत्तरं आली तीन. एकानं लिहिलं, कृपया जाहिराती पाठवू नका. एकीनं विचारलं, आपण कोण? आणि तिसरं खुद्द हैदराबादच्या धोट्याचं: चाची, तुमच्या नावानं कोणीतरी जाहिराती पाठवून राह्यलं, जरा सांभाळा.

दिव्यानीनं पुस्तिका काढली. "शंभरातले दोन-तीन आले तरी चांगलं समजतात, चाची. हिशोबानं आपले जास्तच हायत."

कमरजहाँनं ते धोट्याचं उत्तर पुन्हा वाचायला लावलं. तिचा चेहरा पडला होता, पण राग दिव्यानीवर नव्हता.

"आपन चौसष्ट घरचा कापूस एका ढिगात ओतला," ती म्हणाली. "आता कोन वळखन, यातला आपला कोनता?"

गणपतीच्या दहा दिवसांत तिनं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी एकेकाला वेगळं. वही उघडायची, ते घर डोळ्यांपुढे आणायचं आणि लिहायचं. दुपारी दोन ते पाच लोडशेडिंग. त्या वेळात कमरजहाँ दुकानाच्या पायरीवर बसून कागदावर लिहून काढी, आणि लाइन आली की दिव्यानी ते कॉम्प्युटरवर घेई. लिहिताना बाई शाळेतली मराठी लिही. एक पत्र असं होतं:

"नमस्कार बेटा. तुझ्या रजईला तीन हिवाळे झाले. त्यात तुझ्या सासूबाईंच्या शेतातला कापूस आहे, साडेचार किलो. खोळ तू निळी आणली होतीस आणि दोरा हिरवा घाला म्हणालीस, मी नको म्हटलं तरी. आता पायथ्याला गोळे झाले असतील, कारण तुझे मालक उंच आहेत आणि पायानं ओढतात. दिवाळीला येत असशील तर घेऊन ये. चादरीत घट्ट बांध, बर्थखाली बसते. भाऊबीजेच्या आत देते, त्यापुढे आमचा रमजान लागतो. येणं होणार नसेल तर दोन दिवस कडक उन्हात टाक, आणि काठीनं झोडू नकोस, कापूस तुटतो. तुझी कमरचाची."

कोणता व्यापारी गिऱ्हाइकाला सांगतो हो, की माझ्याकडे नाही आलास तरी माल असा सांभाळ? दिव्यानी टाइप करताना थांबली आणि म्हणाली, "चाची, हे शेवटचं काढू काय? उन्हानंच भागलं तर ते येणार नाईत."

"नको काढू. खरं हाय ते."

पंधराव्या पत्रापासून बाई स्वतः एका बोटानं अक्षरं दाबायला लागली. आणि उत्तरं यायला लागली ती अशी, की दिव्यानीला प्रिंटरमध्ये दोनदा कागद भरावा लागला. कोणी लिहिलं, सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, त्यांच्या हातचा एवढाच कापूस उरला आहे, नक्की आणते. कोणी लिहिलं, हिरवा दोरा आता मलाही आवडत नाही, लाल घाला. धोट्यानं लिहिलं, आता पटलं की तुम्हीच.

संध्याकाळी कमरजहाँ ते कागद इनायतला वाचून दाखवी. तो विडी ओढत ऐके. चेहऱ्यावरून कळू द्यायचा नाही, पण मधेच म्हणे, "ती भद्रावतीची बाई? तिचा कापूस लांब धाग्याचा होता." मग भानावर येई. "कागदानं मशीन चालत नाई. मले रुई दिसू दे. पत्रूले मी जबान दिली हाय."

"दिवाळीत दिसन."

"जबान दसऱ्याची हाय."

सत्तेचाळीस पत्रं गेली होती. गणपती बसून अनंत चतुर्दशी झाली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरब्याहून चंदाचं उत्तर आलं.

चंदा पिंपळशेंडे. माढेळीची लेक. नवरा खाणीत ओव्हरसियर. दोन वर्षांपूर्वी सातवा महिना असताना दुकानात आली होती, माहेरच्या कापसाचं गाठोडं घेऊन. बाळासाठी छोटी रजई हवी होती, एक किलोची. कमरजहाँनं तेव्हा तिला समजावलं होतं की बाळ व्हायच्या आधी काही शिवत नाहीत, तुमच्यात नाही नि आमच्यातही नाही. पण नवऱ्याची बदली झालेली, आठ दिवसांत निघायचं होतं. चंदा हसून म्हणाली होती, "चाची, कोरब्याले मले तुम्ही कुठी भेटान?" त्या हसण्यापुढे बाई विरघळली. इनायतनं तो कापूस दोनदाच्या जागी तीनदा पिंजला. पोपटांच्या पिवळ्या छिटाची खोळ होती.

तिच्या ईमेलचा पत्ता दिला होता चुलतभावानं, मेडिकलच्या काउंटरवरून, गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता. आणि कमरजहाँनं लिहिलं होतं की पिल्लू आता दोन वर्षांचं झालं असेल, पाय बाहेर येत असतील, रजई घेऊन ये, कापूस घालून मोठी करून देते.

उत्तरात दोन ओळी होत्या. "बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. मला पत्र लिहू नका."

दिव्यानीनं वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. कमरजहाँनं स्वतः एकेक अक्षर लावून पुन्हा वाचलं. तिनं शिवायला नको तेव्हा शिवलं होतं, आणि आता त्या पोरीच्या दाराची कडी वाजवून विचारलं होतं, बाळ केवढं झालं. अशा वेळी माणसाला धरणीनं पोटात घ्यावं वाटतं, तसं तिला वाटलं.

"चाची, एक ओळ पाठवू. माफ कर म्हनून," दिव्यानी म्हणाली.

"तिनं नको म्हटलं ना. मग नको."

"पन माफी त..."

"माफी माया जिवाले पायजे, तिले नाई. ती पत्र नको म्हणते, त पत्र जानार नाई."

यासाठी मी या बाईला मानतो. शब्द हाताशी असताना गप्प बसणं सोपं नाही, त्यात बटन बोटाखाली असताना तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती बसनं माढेळीला गेली. चंदाची आई कांताबाई अंगणात मूग निवडत होती. कमरजहाँनं तिला सारं सांगितलं, काही झाकलं नाही. मी आधी शिवलं हेही सांगितलं. कांताबाईचे हात सुपातच राहिले.

"दोन वर्षं झाली, पोरगी माहेरी नाई आली," ती म्हणाली. "येईन त लोक विचारतीन. आमीबी फोनवर ती गोष्ट काढत नाई. तिचा बाप म्हनते, इसरन हळूहळू."

"मायी चूक झाली, बाई."

"चूक झाली," कांताबाई म्हणाली. तिनं नाही म्हटलं नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि चहा टाकला.

परत आल्यावर कमरजहाँनं उरलेली सतरा पत्रं धरून ठेवली. ज्यांना जायची होती त्यांच्या वरोऱ्यातल्या माणसांकडे पुन्हा पायपीट, पुन्हा चहा, आणि या वेळी विचारणं वेगळं: घरी सारं बरं हाय ना? कोणी गेलं काय? काही असं हाय काय की जे मी लिहू नये? यात बारा दिवस गेले. इनायतचं डोकं फिरलं. एकीकडे बाई मशीन वाचवायला धडपडते, आणि दुसरीकडे दसरा जवळ येत असताना तयार पत्रं दाबून बसते. "तुले मशीन ठेवाचं हाय की नाई?" त्यानं विचारलं.

"ठेवाचं हाय. पन असं नाई."

सतरापैकी तीन पत्रं बदलावी लागली आणि एक फाडावं लागलं. पण तोपर्यंत त्या माणसांची तिकिटं निघून गेली होती.

दसरा झाला. सोमवारी सकाळी पत्रू टेम्पो घेऊन हजर. दुकानात पिंजायला आलेल्या रजया होत्या नऊ, साऱ्या गावातल्याच. बाकी अडतीस होत्या, पण कागदावर. दिवाळीला वीस दिवस होते.

"वीस दिवस थांबा म्हना त्याले," कमरजहाँ म्हणाली.

"मी काय सांगू त्याले? कागद दाखवू?" इनायतचा आवाज चढला, आणि मग उतरला. त्यालाही सुख वाटत नव्हतं. "शाजियाची अम्मी, माणूस चामोर्शीवरून आला. जबान दिली हाय."

ती आत जाऊन चटईवर बसली. पत्रूनं पाना काढला आणि मशीनच्या पायाचा पहिला बोल्ट सैल केला. मग दुसरा. तो आवाज तिला आतून ऐकू येत होता. सव्वीस वर्षांत या बाईनं नवऱ्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, आज पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या बोल्टाला पत्रूचा पाना लागला तोच माढेळीच्या बसमधून उतरलेल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कांताबाई, आणि तिच्यामागे चंदा. चंदा वाळली होती. काखेत एक गाठोडं होतं आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी.

कमरजहाँ बाहेर आली.

"तुम्ही परत लिहलं नाई," चंदा म्हणाली.

"तू नको म्हटलं होतं, बेटा."

"हो." चंदा खाली पाहत होती. "मी रोज पाहे. म्हटलं, चाची माफीचं पत्र पाठवतीन, मग मी चांगली भांडीन. लय भांडाचं होतं मले कोनाशी तरी. तुम्ही पाठवलंच नाई." तिला रडू फुटलं. "आईनं फोन केला, म्हने बाई घरी येऊन गेली. दोन वर्षांत तुम्हीच एकट्या, ज्यायनं विचारलं की तो केवढा झाला असता."

कमरजहाँनं तिला धरलं. दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. पत्रू पाना घेऊन दुसरीकडे पाहत राहिला, कारण बिचारा करणार काय?

मग चंदानं पिशवीतून पिवळी रजई काढली. पोपट जसेच्या तसे होते. घडी मोडलेली नव्हती. गाठोड्यात तिची स्वतःची मोठी रजई होती.

"हे उकला," ती म्हणाली. "आन त्यातला कापूस माया रजईत घाला. टाकून द्याचा नाई मले. आन पेटीतबी ठेवाचा नाई."

इनायत पुढे झाला. त्यानं छोटी रजई घेतली, कात्रीनं कडेचा दोरा कापला आणि कापूस बाहेर काढून बोटांत चोळून पाहिला. तीनदा पिंजलेला कापूस तो कसा विसरेल? त्यानं तो मशीनच्या फळीवर पसरला.

"पत्रू," तो म्हणाला, "पाना ठेव. मशीनवर कापूस चढला."

या धंद्यात कोणाचा कापूस चढलेला असताना मशीन कोणी खोलत नाही. पत्रूही त्याच धंद्यातला. त्यानं पाना खाली केला.

"किती टाइम लागन, भाऊ?" त्यानं विचारलं.

एक किलो कापूस. पाव तासाचं काम, फार फार तर वीस मिनिटं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीपर्यंत," इनायत म्हणाला.

पत्रूनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्या पिवळ्या खोळीकडे पाहिलं, मग चंदाकडे. मग तो वाकला आणि सैल केलेले दोन बोल्ट स्वतःच्या हातानं कसून दिले. "दिवाळी झाल्यावर येतो, पाहू," म्हणाला आणि टेम्पो रिकामा घेऊन गेला. त्या माणसाचंही कोणीतरी एकदा लिहायला हवं.

दिवाळीला स्टेशनवरून गाठोडी आली. अडतीसपैकी तेहतीस. इनायतनं पाच दिवस पाठ टेकली नाही. भाऊबीजेनंतर पत्रू आला तेव्हा भरलेल्या रजया न्यायला दारात रांग होती. ती पाहून तो रांगेतल्या एका म्हाताऱ्याला बसायला मदत करून निघून गेला, मशीनचा विषयही काढला नाही.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी दुपारपर्यंत चंदाची रजई भरून झाली. कमरजहाँनं दोरे घातले, जवळ जवळ, कापूस हलू नये म्हणून. मग ती नेहमीसारखी वही उघडून बसली. चंदाच्या पानावर जुनी नोंद होती: 'बाळ, एक किलो, माढेळी, पोपटाची खोळ.' तिनं त्यावर रेघ मारली नाही. पेन हातात धरून ती थांबून राहिली.

चंदानं ते पान पाहिलं.

"नाव ठरवलं होतं आम्ही," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी बारसं होतं. नवव्या दिवशीच गेला, त नाव कोनाले सांगताच नाई आलं."

"सांग," कमरजहाँ म्हणाली.

चंदानं सांगितलं. कांताबाई शेजारी बसली होती. नातवाचं नाव ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. कमरजहाँनं ते वहीत लिहिलं, 'बाळ' या शब्दाच्या पुढे.

"आता मले लिहत जा," चंदा उठताना म्हणाली.

ते नाव मी इथे सांगणार नाही, चंदाला विचारलेलं नाही. पुढच्या ऑगस्टात, दिवाळीचं रिझर्व्हेशन निघायच्या आधी, कमरजहाँनं कोरब्याला पत्र लिहिलं. रजईचं विचारायच्या आधी, पहिल्याच ओळीत, एका बोटानं, तिनं ते नाव लिहिलं.